भोक

भरतीला अजून तीन तास. चिखल उघडा पडलाय,
बोटी कुशीवर कलंडून झोपल्यात,
आणि माझ्या शेडमध्ये तीन पोरं
एका फळीवर डोळा ठेवून.

फळी सायप्रसची, गेल्या वर्षी मोडीत काढलेल्या
‘दोन्या ऑर्तेन्सिया’च्या बाकाची.
इतकी वर्षं मिठात मुरली तरी
करवत लागताच वास सुटतो,
जणू झाडाला अजून कुणी कळवलंच नाही
की ते तोडलं गेलंय.

“नाक आधी,” मी म्हणतो, “होडी नाकावरून ओळखतात.”
दोन तिरके काप. यास्ना फळी दाबून धरते,
अर्धी जीभ बाहेर काढून.
रोसामेलला कानस हवी, मग नको, मग परत हवी.
घासता घासता त्याच्या होडीचं नाक
बटाट्यासारखं बोथट झालंय.
ही बर्फ फोडणारी आहे, तो म्हणतो.
असू दे. इथून दक्षिणेला बर्फ आहे पुष्कळ.

डोलकाठी माकीच्या फांदीची.
शीड सॅमनच्या खाद्याच्या पोत्याचं,
त्यावर अर्धाच मासा छापलेला, शेपटीकडचा.
“आणि तोंड?”
“तोंड रोसामेलच्या शिडावर गेलं.”
म्हणजे आता दोघांना जवळजवळ राहावं लागणार.

निबाल्दो पाच वर्षांचा. तो काही विचारत नाही.
कोपऱ्यात पाठमोरा बसून
केव्हाचा गिरमिटाशी झुंजतोय.
जवळ जाऊन बघतो तर
होडीच्या बरोब्बर मध्यात, आरपार, भोक.

“अरे, हे काय?”
“पाणी आत आलं तर
त्याला बाहेर जायला.”

मी त्रेचाळीस वर्षं भोकं बुजवली.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या वळायचा,
फटीत बोथट छिन्नीनं ठोकायचा,
वर डांबर, की पुढची फट.
जेवतानाही हातोडा मांडीवर असायचा.
एक फट चुकली की काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
सेकुंदिनोच्या बायकोनं एकदा चर्चच्या दारात
माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं.
बोलली नाही.
तेवढं पाहणं अजून पुरतंय.

सवयीनं हात काथ्याकडे गेला.
निबाल्दोनं होडी छातीशी धरली.
“राहू दे ना,” यास्ना म्हणाली, मोठ्या बाईसारखी,
“बुडेल तेव्हा बुडेल.”

भरती आली. आमच्या चिलोएत ती चालत येत नाही, चढते;
पाण्यावरच्या घरांचे खांब
आधी घोट्यापर्यंत भिजतात, मग गुडघ्यापर्यंत.
रोसामेलची बर्फफोडी जागच्या जागी गोल फिरली
आणि बदकांत शिरली.
यास्नाची सरळ निघाली, मग फारच सरळ,
तेव्हा लक्षात आलं, दोरी बांधायची राहिली.
मी बूट काढले. पाणी इतकं गार
की पायातली हाडं एकेक मोजता यावीत.

आणि भोकाची होडी?
तरंगली.
तरंगणारच. अखंड लाकूड ते,
त्याला आत असं नाहीच, तर भरेल काय?
त्रेचाळीस वर्षं मी पोकळ वस्तूंत घालवली,
म्हणून एवढं साधं सुचलं नाही.
भोकातून पाणी वर यायचं, डोकावायचं,
पुन्हा खाली जायचं,
शेजाऱ्यानं दार उघडं दिसलं म्हणून
“काय चाललंय?” विचारून पुढे जावं तसं.

निबाल्दोला काही आश्चर्य वाटलं नाही.
“बघ, जातंय,” म्हणाला,
बाहीला नाक पुसलं
आणि पाव कधी मिळणार ते विचारलं.

शेडमध्ये काथ्या तसाच पडला होता,
अर्धा वळलेला.
उरलेला मी रात्री वळून ठेवला.
उद्या पलीकडच्या बेटावरून
एक खरी बोट यायचीय.