चार बोटं वर

माझ्या नोंदवहीत तिचं नाव अकरा वेळा आहे.
शरयू ढमढेरे. वय पंधरा. उजवा गुडघा.
धनकवडीहून आईच्या स्कूटरवर यायची,
मागे बसून पाय लांब सोडून.
सिग्नलला रिक्षावाले ओरडायचे.

कागद आधीच ठरवून आले होते :
लहान वयातला संधिवात.
रक्तात तसं काही सापडलं नव्हतं,
तरी ‘असतो कधी कधी’ असं कुणी म्हणालं
आणि त्या ‘कधी कधी’वर आम्ही सगळे
ऐसपैस बसलो. मीसुद्धा.

शेक दिला. वजन बांधून पाय उचलायला लावला.
दहा झाले की म्हणायचे, अजून दोन.
खो-खोची मुलगी, ती चार करायची
दात आवळून, छताकडे बघत.

आई म्हणायची, उंची वाढतेय ना.
मावशीने भोरहून निर्गुंडीचं तेल पाठवलं.
घेर छत्तीस. घेर साडेछत्तीस.
मी लिहिलं : सूज आहे. व्यायाम चालू.

सातव्या वेळी सहज बोलली,
“खेळताना नाही एवढं दुखत, मॅडम.
रात्री दुखतं. काहीच करत नसते तेव्हा.
मग बाल्कनीत उभी राहते,
कात्रजचा घाट उतरणारे ट्रक मोजते.”

“किती होतात?” मी विचारलं.
म्हणजे ट्रक.
ती हसली, मीही हसले,
आणि वजन बांधलं.

अकराव्या वेळी लाइट गेली.
शेकाचं मशीन बंद. करण्यासारखं काही नव्हतं
म्हणून नुसता हात ठेवला.
सांधा गार होता, निर्दोष.
त्याच्या चार बोटं वर, मांडीच्या हाडाशी,
काहीतरी घट्ट, कोमट,
हलवलं तरी न हलणारं.

एक्स-रेला मीच सोबत गेले.
हाडाची कड उसवली होती,
दोरे बाहेर आल्यासारखी.
फोटो काढणारा पोरगा माझ्याकडे बघेना.

नंतरचं सगळं दुसऱ्यांच्या वह्यांत आहे.
काल गेले भेटायला.
डोक्याला रुमाल, पाय वाचला,
आत आता हाताएवढा धातू.
बोलायचं काय ते पाठ करून गेले होते,
जिन्यातच विसरले.

तीच म्हणाली, “एकशे बारा.”
मला कळेना.
“ट्रक, मॅडम. एका रात्रीत.
तुम्ही विचारलं होतंत.”

तिच्या चादरीला घडी नव्हती.
मी ती सरळ करत बसले.