दाब, धर, सोड

रुस्तावीच्या भंगारबाजारातून
नुक्रीने आणले पुढचे दोन कॅलिपर,
सहा पिस्टनचे, लाल रंग पोपडलेला;
अमेरिकेत कुठेतरी ठोकलेल्या गाडीचे.
इंजिन मागच्याच साली बदललं होतं,
टर्बो बसवला, सायलेन्सर मोकळा केला,
गल्लीतली कुत्रीसुद्धा आता आवाज ओळखतात.
थांबायचं तेवढं राहून गेलं होतं.

ब्रॅकेट वाखोच्या लेथवर कातून घेतलं,
तरी अर्धा मिलिमीटर अडतच होतं.
कानस मारता मारता दिवे लागले.

मग एतेरी सीटवर, पायात घरातल्या सपाता,
तो चाकापाशी उताणा, हातात नळी आणि बाटली.
"दाब. धर. सोड."
बुडबुडे.
"दाब. धर."
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
इतकं मुकाट तिने त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

"त्या गाडीतली माणसं," ती मधेच म्हणाली,
"वाचली असतील का रे?"

नळीतून काळपट तेल उतरत राहिलं.
"पॅड बघितलेस?" तो बऱ्याच वेळाने बोलला,
"नवेकोरे आहेत. झिजलेच नाहीत."

तिने पाय तसाच दाबून धरला,
तो सोड म्हणाला
तरीही.