झाकण

पहाटेची पहिली गाडी नको.
त्या वेळी विल्मा डोक्याला रुमाल बांधून
कोंबड्यांना दाणे टाकत असेल,
आणि तिला तसं बेसावध गाठणं बरं नव्हे.
दुसरी बरी. पोचेस्तोवर साडेदहा.
तिसरीने गेले तर जेवणावर टपकल्यासारखं दिसेल,
आणि आमच्या घरी न बोलावता जेवायला
फक्त पोस्टमन येत असे.

तिकीटखिडकीतल्या काल्मानने
वेळापत्रक छापून दिलंय, हिरव्या पेनाने खुणा करून.
"सेगेद ते सुबोतित्सा," तो म्हणाला.
"सबाद्का," मी म्हणाले. आई शेवटपर्यंत तसंच म्हणायची.
तिथल्या पाटीवर म्हणे गावाचं नाव
तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे.
बरं झालं, त्यातलं एक तरी
माझ्या चष्म्याला वाचता येईल.

पासपोर्ट: मुदत आहे अजून. फोटोतली बाई
माझ्यापेक्षा तरुण आणि बरीच रागीट.
पैसे: थोडे फोरिंट, थोडे दिनार,
हातरुमालाच्या दोन वेगवेगळ्या गाठींत.
घड्याळाला हात लावायला नको,
दोन्हीकडे एकाच वेळी बारा वाजतात.
खसखशीचा रोल न्यायचा.
येताना सॉसेज आणता येणार नाही.
तिने दिलंच तर काय सांगायचं
ते अजून सुचलेलं नाही.

आठ वर्षं हा मार्ग बंद होता.
रुळांमधून गुडघाभर गवत,
र्‍योस्केपाशी काटेरी तार,
आणि मी दर नाताळच्या पत्रात लिहायची,
"यायचं फार मनात आहे गं, पण गाडीच नाही."
बस होती.
चांगली माझ्या कोपऱ्यावरून सुटायची,
ड्रायव्हर मला नावाने ओळखायचा.
विल्माने कधी बसचं नाव काढलं नाही,
मीही नाही.
तासाभराच्या वाटेचा अबोला
दोघींनी मिळून रेल्वेच्या खात्यावर मांडला.

आणि आता ही मेली सुरू झाली.

बाकी सामान म्हणजे एवढंच:
आईच्या चिनीमातीच्या भांड्याचं झाकण.
निळी किनार, मुठीच्या जागी एक पेर,
त्याचं देठ माझ्या हातून तुटलं, मी सात वर्षांची असताना.
मार विल्माने खाल्ला.
आईला पोचवून आलो त्या संध्याकाळी
ती म्हणाली, भांडं माझं. मी म्हणाले, मग झाकण माझं.
भांड्याला भांडं लागतं म्हणतात;
आमच्या भांड्याला झाकणच लागलं नाही पुन्हा.
तिचं सूप निवत असेल तिकडे,
इकडे मी झाकणात चाव्या ठेवते.

लोकरीच्या शालीत गुंडाळावं, की टॉवेलात?
सीमेवरचा पोरगा पिशवी उघडायला लावेल.
"हे काय, आजी?"
झाकण.
"कशाचं?"
ते पलीकडे आहे.
एवढ्यावर तो सोडेल का, की वरच्या साहेबाला बोलावेल?
काल्मानला विचारलं. तो म्हणाला,
असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नाही.

डावीकडची खिडकी की उजवीकडची?
पालिचचं तळं कुठल्या बाजूला येतं, आठवत नाही.
लहानपणी आम्ही खिडकीसाठी भांडायचो,
तेव्हा मी जिंकायची, म्हणजे पाहिलं मीच असणार.
तरी आठवत नाही.
तिला विचारावं लागेल.

काल रात्री वहीत पहिलं वाक्य लिहून पाहिलं,
फलाटावर उतरल्यावर म्हणायचं.
"कशी आहेस?" खोडलं.
"तुझे केस पिकले," खोडलं, माझेही पिकलेत.
"हे घे तुझं झाकण." हे दोनदा खोडलं,
एवढं की मागच्या पानावर उमटलं.
शेवटी एकच उरलं.
गाडी सीमेवर तासभर रखडली तरी
पिशवी छातीशी धरून, उतरल्या उतरल्या म्हणायचं,
"गाडी वेळेवर आली, विल्मा."
मग उशीर कुणामुळे झाला
ते तिला आपोआप कळेल.