चिकूखाली

आमच्या बेटावर बाळंतपणाची सोय नाही.
दिवस भरत आले की बाईनं विमानात बसायचं,
नऊ खुर्च्यांच्या, खिडकीला चिकटपट्टी लावलेल्या,
आणि नासाऊला कुणा मावसबहिणीच्या घरी
कळांची वाट बघायची.
माझा डेलानो तसाच झाला.
त्याची नाळ मी मागितली होती.
नर्स म्हणाली, ती बादली सकाळीच गेली.

माझी इथं आहे.
मिस यूलालीनं पुरली, चिकूच्या झाडाखाली,
बेटावरच्या शेवटच्या सुईणीनं.
झाड अजून धरतं.
अर्धे चिकू वटवाघळं नेतात. नेऊ देत.

तिला विमान लागत नाही.

एप्रिलच्या उधाणाला
ती खारफुटीच्या तोंडाशी येते.
नऊ फूट. रंग ओल्या वाळूचा, कडेनं पिवळट.
पाठीवर दोन पर, जवळपास एका मापाचे,
एकाच कापडातून बेतलेल्या शिडांसारखे.
मी संशोधकांची होडी हाकते,
शाळेतली पोरं बसवून आणली की सांगते:
लेमन शार्क म्हणतात हिला, म्हणून
पिळून बघायला जाऊ नका.

पाणी मांडीएवढं.
पिल्लं शेपटीकडून येतात, एकामागून एक,
क्षणभर तळाशी पडून राहतात,
मग हिसका देऊन आपली नाळ आपणच तोडतात.
जे उरतं ते
तिच्या अंगाला चिकटून आलेले मासे गिळतात.
पुरायला काही राहत नाही.

अकरा मोजली मी त्या रात्री.
ती थांबली नाही.
थांबली असती तर तिला भूक लागली असती,
आणि भुकेला नातं कळत नाही.
पिल्लं मुळांच्या जाळीत शिरली,
जिथं मोठ्याचं तोंड पोचत नाही.
दोन-तीन वर्षं तेवढंच त्यांचं जग:
खेकडे, चंदेरी मासोळ्या, सुकतीला उरलेलं वीतभर पाणी.

हेन्रिके त्यांना मोजते.
मी पिल्लू उताणं धरते. उताणं केलं की ते
निजल्यासारखं गप होतं.
छातीच्या परांमध्ये एक फट असते,
गुलाबी, शर्टाच्या काजाएवढी.
महिन्या-दीड महिन्यात बुजते.
त्याआधी पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप,
एक आकडा, आणि सोडून द्यायचं.

यंदा मेमध्ये यंत्र एका मादीजवळ वाजलं.
हेन्रिकेनं जुन्या वहीत आकडा शोधला.
सोळा वर्षांपूर्वीचा.
अक्षर माझं होतं.
जन्माची जागा: पश्चिमेची खारफुटी.

पश्चिमेला आता खारफुटी नाही.
हॉटेलची भिंत आहे, पांढरी,
पाण्यात उतरणारे दिवे आहेत, निळे.
ती भिंतीच्या कडेनं गेली. टोकाशी वळली.
परत आली.
मी इंजिन बंद केलं.
एक भरती गेली, दुसऱ्या भरतीला पुन्हा तीच,
पोट जड, नाक सिमेंटला लागेल इतकं जवळून.
हेन्रिके वहीत काही लिहीत नव्हती.

तिसऱ्या रात्री ती दिसली नाही.
पूर्वेला गेली असेल.
किंवा भिंतीखालीच मोकळी झाली असेल,
त्या निळ्या उजेडात, जिथं एक मूळ नाही.
मला माहीत नाही. मी घरी झोपले होते.

डेलानोला फोनवर सांगितलं.
तो फ्लोरिडात एसी दुरुस्त करतो,
इथून पन्नास मैल; रात्री त्याच्या शहराचा
उजेड दिसतो ढगांच्या पोटाला.
त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
आई, त्याच हॉटेलचं काम मिळालंय,
जूनमध्ये येतोय, दोन महिने.
मी विचारलं, राहशील कुठं?
म्हणाला, खोली तेच देणार आहेत.

बरं म्हटलं.
सकाळी झाडाखाली गेले.
वटवाघळांनी टाकलेले बाजूला सारून
वरचे कच्चे उतरवले, चौदा-पंधरा,
चीक हाताला लागून राहिला दिवसभर.
कागदात गुंडाळून ठेवलेत.
त्यांना वेळ लागतो.