मागून आलेलं

फर्गल गिननचा नियम साधा आहे.
पुढे पाच मीटर, बाजूंना अडीच-अडीच,
तेवढ्या हवेत जे उडेल ते लिहायचं.
मागून आलेलं मोजायचं नाही.
ते कदाचित आधीच मोजून झालेलं असतं.

जूनचा पहिला शनिवार. चौदा अंश.
ऊन आहे म्हटलं तर आहे.
डेरीगोलाच्या पाणथळीत आम्ही तिघं :
फर्गल, त्याची वही, आणि मी.
नूला मागून येते थर्मास घेऊन.
किड्यांचं मला काही नाही, म्हणते,
मी त्या बाकासाठी येते.

बाक जुन्या रुळांचा आहे.
ह्याच रुळांवरून पीटचे डबे जायचे
वीजघराकडे, रात्रंदिवस.
एकतीस वर्षं फर्गल यंत्रावर बसून
ही काळी जमीन खरवडत होता.
"वर्षाला मिलिमीटरभर वाढते ही," तो सांगतो,
"आम्ही एका फेरीत पंधरा वर्षं उचलायचो.
उन्हाळा संपेपर्यंत
आजोबांच्या आजोबांपर्यंत पोचलेले असायचो."

मग वीजघर बंद पडलं. पंप थांबले.
पाणी परत आलं, कुणी न बोलावता,
पाण्यामागून लव्हाळे,
लव्हाळ्यांमागून हे.

हे म्हणजे
पंखांवर ठिपके असलेला चतुर,
हाकलला तरी त्याच काडीवर येऊन बसणारा
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.
पाणनिवळ्या, ज्यांना कुठेच जायचं नाही
पण घाई आहे.
आणि ह्या निळ्या, बारीक, जोडीनं लटकलेल्या...

माझ्या भाषेत हिला टाचणी म्हणतात, मी सांगते.
फर्गल थांबतो.
शाळेत मास्तरांनी असलीच एक
पुठ्ठ्यावर टोचून ठेवली होती, खिडकीशी,
तिचा निळा रंग महिनाभरात गेला.
"म्हणजे टाचणीला टाचणी?"
त्याच्या आजीच्या आयरिशमध्ये चतुर म्हणजे मोठी सुई.
खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ शिवते म्हणे.
आम्ही दोघं थोडा वेळ
ओठ मिटून चालतो.

लव्हाळ्यावर एक रिकामी कात.
पाठीवर उभी चीर, चिरेतून पांढरे धागे,
पाय अजून दांडा धरून.
दोन वर्षं खाली चिखलात,
आणि मग एक पहाट.
फर्गल ती तंबाखूच्या डबीत ठेवतो.
तंबाखू सुटली, डबी नाही.

मग ढग. बारा अंश.
तेराच्या खाली मोजायचं नाही, हाही नियम.
बाकावर चहा.
नूला कँटीनच्या दिवसांचं काढते :
चहात पीटची धूळ पडायची, साखरेआधी,
कोण कॅनडाला गेलं, कोण
त्याहून लांब.

आणि फर्गलच्या खांद्यावरून, मागून,
एक फुलपाखरू.
नारिंगी, पिवळट, तपकिरी तुकडे,
घाईत शिवलेल्या गोधडीसारखं.
सहा वर्षांत वहीत न आलेलं.
रुळावर बसतं, गंजाच्याच रंगाचं होतं,
पंख उघडतं. मिटतं.

फर्गल श्वास घेत नाही.
वही मांडीवर, पेन्सिल कानामागे.
"लिही," नूला म्हणते.
"मागून आलं."
"लिही रे."
"आणि मोजायची वेळही नाही ही."
त्याचा आवाज जरा फाटतो.
तेवढ्यात रूळ नुसता रूळ उरतो.

तो उठून पाण्याकडे जातो.
नूला वही उलटी करते, शेवटचं पान काढते.
तिच्या तिरप्या अक्षरात तारखाच तारखा :
मागून. पिवळं, मोठं.
मागून. निळं, सुईएवढं. नाव विचारलं नाही.
मागून. काय होतं दिसलं नाही, पण तो हसला.
त्याखाली ती आजचं लिहिते,
आणि माझ्याकडे बघून
ओठांवर बोट ठेवते.

"तेरा!" फर्गल पाण्याकडून ओरडतो. "ऊन आलं!"
आम्ही निघतो.
पुढे पाच मीटर, बाजूंना अडीच-अडीच.
नूला थर्मासचं झाकण लावते
आणि मागून येते.