छत्तीस लिटर

डेअरीत मी रोज लिटरात बोलते.
पहाटे पाचला कॅन लागतात,
कुणाचं साडेचार, कुणाचं सात,
त्यामुळं हिशेब चटकन झाला:
माणशी तीन लिटर, चार माणसं, तीन दिवस.
छत्तीस.
म्हणजे छत्तीस किलो,
आणि एवढं घेऊन मांडीभर पाण्यातून चालेल
असं दुधगावात आमच्या घरी तरी कुणी नाही.

शीतलच्या खांद्याला दहा. ट्रॅक्टरवरनं पडल्यापासून
डावा खांदा अर्धाच धरायचा.
मला आठ.
सन्मती नऊ वर्षांचा, त्याला दोन.
तो म्हणाला, तीन, आणि घरभर चालून दाखवलं.
तरी दोनच.
आप्पांना शून्य. त्यांनी स्वतःला आणलं तरी पुष्कळ.
वीस.
उरलेल्या सोळांसाठी
लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहिलं:
मेडिक्लोर दोन बाटल्या, आशाताईंकडून.
मीठ, साखर, पुडीतच चमचा.
चिवडा घ्यायचा नाही, तहान लागते.
निघण्याआधी प्रत्येकानं तांब्याभर पिऊन घ्यायचं,
पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही.

एकोणीस साली शाळेच्या गच्चीवर होतो, दीड दिवस.
चारी अंगांनी वारणा.
एवढं पाणी, आणि त्यावर डिझेलचा रंग,
कडबा, एक फुगलेली शेळी.
होडीतून सीलबंद बाटल्या आल्या.
आप्पांनी हात लावला नाही.
गाळलेलं नाही, उकळलेलं नाही, कधी भरलंय ठाऊक नाही.
दिवस मावळल्यावर तर विषयच नव्हता.
दुसऱ्या दुपारी त्यांचे ओठ पांढरे झाले
आणि त्यांनी मला सासूबाईंच्या नावानं हाक मारली.
मी ओ दिली.
मग त्या हाताचं ते प्यायले,
दोन घोट.

यंदा जूनमध्येच बाटल्या भरल्या, तारखा चिकटवल्या,
बॅग दारामागच्या खुंटीला.
आप्पा बघत बसले होते.
"हे किती दिसांचं?"
पूर येईल तोवरचं.
"उकळल्यालं चोवीस तास, बाई. म्होरं त्यात जीव पडत्यात."
आणि तुमचा जीव? मी जरा मोठ्यानंच म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर
ओट्यावर स्टीलच्या तीन बाटल्या उघड्या,
पातेल्यावर चौपदरी फडकं,
आणि आप्पा वाफ जायची वाट बघत.
तेव्हापासून रोज.
कालचं पाणी जास्वंदीला, आजचं बाटलीत,
बाटल्या त्यांनीच शिवलेल्या खादीच्या पिशवीत,
पिशवी माझ्या बॅगेशेजारी.
मी पत्रिकेवरचं शून्य खोडलं. तेवीस.

गाळण्यातली जिवाणी ते विहिरीत सोडून येतात,
जिथलं पाणी तिथं.
एकदा विचारलं,
पुरात विहीरच नदीत गेली तर कुठं सोडायची?
"कुठंबी," म्हणाले,
"तवा समदं त्येंचंच घर."

ऑगस्टच्या नऊ तारखेला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला.
चांदोलीतनं सोडलंय, तासात निघा.
आम्ही ओळीनं उभं राहून तांब्याभर प्यायलो,
सन्मतीला मध्येच ठसका लागला.
गॅस बंद, मीटर बंद,
म्हशी कालच माळावर नेलेल्या.
आप्पांची पिशवी खांद्यावर चढवताना
बाटलीला हात लागला.
अजून कोमट होती.

वेशीपर्यंत कुणी बोललं नाही.
रस्ता ओला, वर ऊन.
वळणावर सन्मती थांबला
आणि म्हणाला, तहान लागलीय.
मी त्याला ओरडणार होते,
पण तेवढ्यात आप्पा आपल्या पिशवीची
गाठ सोडायला बसले,
भर रस्त्यात,
मागून ट्रॉल्या हॉर्न देत असताना.