यादीतलं खेचर

तारघरातला मेकुरिया धावत बाहेर आला,
कानामागे पेन्सिल, एकाच पायात बूट.
म्हणाला, अबेगाझ, जिनिव्हात तुझ्या दामाचं नाव निघालं!
मी तेव्हा तिच्या पाठीवरून मीठ उतरवत होतो,
दनाकिलच्या रणातल्या विटा, कडेनं करड्या पडलेल्या,
सतरा दिवसांची वाट.
दामानं एक कान हलवला. माशी असावी.

पन्नासेक देशांनी ठरवलंय, तो म्हणाला,
ज्यानं आपल्यावर फौज घातली
त्याला आता काही विकायचं नाही:
रबर नाही, कथील नाही, निकेल नाही,
घोडा नाही, गाढव नाही, उंट नाही,
खेचर नाही.

त्या रात्री मी दामाला मूठभर सातू जास्त घातले.
यशिमेबेत चुलीपुढून म्हणाली,
आता हिला उठून नमस्कार करायचा का?

सकाळी परत गेलो तारघरात.
विचारलं, ते डोक्यावरून जातं ना घरघरत,
ते काय खातं?
मेकुरियानं यादी पुन्हा वाचली, ओळीखाली बोट धरून.
कागद उलटून पाहिला. मागे कोरा.
तेल यात नाही, म्हणाला.
कोळसा?
नाही.
आणि त्यांची जहाजं येतात तो कालवा?
उघडा आहे. जकात भरून जातात.
मग दोघंही जरा वेळ त्या यंत्राकडे बघत बसलो,
टकटक करेल म्हणून.

मला अक्षर येत नाही, पण वाळीत टाकणं येतं.
हायकच्या यिमरनं शेजाऱ्याचे दोन बैल रातोरात हाकून नेले,
आडव्या आलेल्या पोराचा हात मोडला.
गावानं त्याची मिरपूड नाही तोडली.
मीठ तोडलं. विस्तव तोडला. दळण तोडलं.
त्याच्या पोरीला तेवढं आळीपाळीनं जेवू घातलं,
ती बिचारी काय करणार.
मीठ माझ्याकडून जायचं. यिमर मोठं गिऱ्हाईक,
मी कुरकुरलो नाही असं नाही,
यशिमेबेतनं तर आठवडाभर ऐकवलं.
अकराव्या दिवशी बैल परत आले.
एक लंगडत होता.

टिम्कतच्या सणानंतर आम्ही कोरेमकडे धान्य नेत होतो.
आभाळात ढग नव्हता,
तरी शिंतोडे पडले.
लसणीसारखा वास.
पुढचा माणूस डोळे चोळत खाली बसला, मग त्याच्या पुढचा.
दामानं वाटेकडेचं गवत खाल्लं. तिला कोण सांगणार.
संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांची साल निघाली,
पाणी दाखवलं तर तोंड फिरवायची,
दोन दिवस उभीच राहिली, पाठीवर ओझं नसताना
ओझं असल्यासारखी वाकून.
विमान परत आलं. चांगलं धष्टपुष्ट,
आवाजात कुठे अडखळ नाही.

हमले महिन्यात, रात्री, मेकुरिया परसातून आला.
तारघर आता त्यांचं. बूट दोन्ही पायांत होते, दुसऱ्याचे.
हळूच म्हणाला, यादी मागे घेतली.
म्हणजे?
म्हणजे आता त्यांना खेचरं विकायला हरकत नाही.

मी आत गेलो.
खुंटीवर तिचं खोगीर होतं,
पोटपट्ट्याला अजून मीठ चिकटलेलं.
यशिमेबेत म्हणाली, खरवडून घे,
डाळीत नाहीये.